डेटाबेस क्लस्टरला क्लायंट कनेक्ट होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात बसून वितरित डेटाबेसवर (अनेक सर्व्हरवर मिळून चालणाऱ्या डेटाबेसवर) काम करणाऱ्यांसाठी हे पान आहे. कुणी जालन्याच्या जिनिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतं, कुणी लातूरच्या डाळमिलचं, कुणी परभणीच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांचं, कुणी वाळूजच्या कारखान्याचं. क्लस्टर (एकत्र काम करणारे सर्व्हर; त्यांतला प्रत्येक सर्व्हर म्हणजे नोड) बहुतेकांचा मुंबईत किंवा हैदराबादला क्लाउडवर असतो, काहींचा कारखान्याच्याच सर्व्हर रूममध्ये. उदाहरणं जास्त करून कॅसँड्रा या डेटाबेसची आहेत, कारण प्रश्न तिथलेच जास्त येतात. मोंगोडीबी, कॉकरोचडीबी, रेडिस क्लस्टर यांत वेगळं काही असेल तिथे ते सांगितलं आहे.

एरर आली की सगळ्यात आधी काय बघायचं?

एररचं वाक्य शेवटपर्यंत वाचायचं. क्लायंट (डेटाबेसला जोडणारं ॲप) कुठपर्यंत पोचला आणि कुठे अडला, हे त्या वाक्यातच असतं. "अननोन होस्ट" म्हणजे नावावरून आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) सापडला नाही; डीएनएस (नावाचा आयपी शोधून देणारी सेवा) बघा, डेटाबेसचा अजून काही संबंधच आलेला नाही. "कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणजे मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर (मशीनच्या क्रमांक दिलेल्या दरवाज्यावर) कुणी ऐकत नाही. "टाइम्ड आउट" म्हणजे तुमचं पॅकेट गेलं आणि उत्तर आलंच नाही. बहुतेक वेळा मधल्या फायरवॉलने ते गुपचूप टाकून दिलेलं असतं. "हँडशेक" हा शब्द दिसला की सर्टिफिकेटकडे (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या फाइलकडे) वळा. "ऑथेंटिकेशन फेल्ड" आलं तर नेटवर्क ठणठणीत आहे, भानगड युजर-पासवर्डच्या बाजूला आहे. आणि "अनअव्हेलेबल" आलं तर कनेक्शन केव्हाच झालेलं आहे, क्लस्टरकडेच पुरेसे नोड जिवंत नाहीत.

हा फरक न करता लोक सरसकट सर्व्हर रीस्टार्ट करतात, फायरवॉल सगळ्यांना उघडी करतात, टाइमआउट वाढवून ठेवतात. मूळ दुखणं तिथेच राहतं आणि वर सुरक्षेला भोक पडतं ते वेगळंच. कृपा करून असं करू नका.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" येतंय. सर्व्हर तर चालू आहे!

सर्व्हर चालू असणं आणि डेटाबेस तुमच्यासाठी ऐकत असणं या दोन गोष्टी आहेत. सर्व्हरवर जाऊन "एसएस" कमांडने बघा की पोर्ट कोणत्या आयपीवर उघडा आहे. १२७.०.०.१ दिसलं तर कारण सापडलं: डेटाबेस फक्त स्वतःच्या मशीनशी बोलतोय. कॅसँड्राचा "आरपीसी ॲड्रेस" मूळ सेटिंगमध्ये लोकलहोस्टच असतो. मोंगोडीबीही ३.६ आवृत्तीपासून मुळात लोकलहोस्टवरच ऐकतो. तिथे नोडचा खाजगी आयपी द्या आणि सर्व्हिस परत सुरू करा.

पोर्ट बरोबर आहे ना, हेही एकदा बघून घ्या. कॅसँड्राचा क्लायंट पोर्ट ९०४२ आहे. ७००० हा नोडचा आपसातला आणि ७१९९ हा देखरेखीचा. जुन्या ट्युटोरियलमधला ९१६० कॅसँड्रा ४ मध्ये उरलेलाच नाही. मोंगोडीबी २७०१७, कॉकरोचडीबी २६२५७, रेडिस ६३७९, टायडीबी ४०००. युगाबाइटडीबीला दोन दरवाजे आहेत, पोस्टग्रेस पद्धतीसाठी ५४३३ आणि कॅसँड्रा पद्धतीसाठी ९०४२. चुकीच्या दरवाज्यावर चुकीचा ड्रायव्हर (ॲपच्या वतीने डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) लावलेला बऱ्याचदा दिसतो.

अजून एक गोष्ट. कॅसँड्रा सुरू होताना आधी कमिट लॉग (लिहिलेल्या नोंदींची वही) परत वाचून काढतो आणि क्लायंटचा पोर्ट सगळ्यात शेवटी उघडतो. तेवढ्या वेळात रिफ्यूज्ड येणारच. "नोडटूल स्टेटस" या नोडांची स्थिती दाखवणाऱ्या कमांडमध्ये "यूएन" (नोड चालू आणि नॉर्मल) दिसलं म्हणजे क्लायंटचा दरवाजा उघडला असं समजू नका. ते नोडचं आपसातलं बोलणं आहे. क्लायंटसाठी "नोडटूल स्टेटसबायनरी" विचारा. "रनिंग" असं उत्तर यायला हवं.

पिंग जातंय, मग कनेक्ट का होत नाही?

पिंगला पोर्ट नसतो. पिंग जातं आणि ९०४२ बंद असतो, हे रोजचं आहे. उलटही होतं: क्लाउडवर पिंग बंद ठेवतात आणि डेटाबेस मात्र नीट चालतो. तपासायचं तर नेटकॅट किंवा टेलनेट कमांडने नेमका तोच पोर्ट तपासा, आणि ज्या मशीनवर ॲप चालतं त्याच मशीनवरून तपासा. आपल्या लॅपटॉपवरून तपासून "माझ्याकडे तर चालतंय" म्हणण्याला काही अर्थ नाही. ॲप डॉकरच्या कंटेनरमध्ये (ॲप वेगळं चालवणाऱ्या बंद डब्यात) असेल तर त्या कंटेनरच्या आत शिरून तपासा. कंटेनरसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः.

"टाइम्ड आउट" येतं, आणि तेही दोन मिनिटांनी. एवढा वेळ का लागतो?

लिनक्स पहिलं पॅकेट पाठवतो, उत्तर नाही आलं की परत पाठवतो, दर वेळी थांबण्याचा वेळ दुप्पट करत. मूळ सेटिंगप्रमाणे असं सहा वेळा पुन्हा पाठवून तो साधारण १२७ सेकंदांनी हात टेकतो. ॲपमध्ये कनेक्ट टाइमआउट दिलेला नसेल तर दुकानातला माणूस तेवढा वेळ फिरणारं चाक बघत बसतो. हा टाइमआउट पाच सेकंदांच्या आसपास ठेवा. भारतातल्या भारतात पाच सेकंदांत जे कनेक्शन होत नाही, ते पुढेही होण्याची आशा फारशी नसते.

कारण शोधताना क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप (क्लाउडची स्वतःची फायरवॉल), सर्व्हरवरची फायरवॉल आणि ऑफिसची फायरवॉल या तिन्ही जागा बघाव्या लागतात. काही ऑफिसांत आणि कॉलेजांत ८० आणि ४४३ (वेबसाइटचे पोर्ट) सोडून बाहेर जाणारे बाकी पोर्ट बंद असतात. तसं असेल तर क्लस्टरच्या बाजूला कितीही बदल केले तरी उपयोग नाही.

पहिला नोड जोडला जातो, पण लगेच बाकीचे सगळे डाउन दिसतात. नोड तर सगळे चालू आहेत!

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. साध्या मायएसक्यूएलवरून वितरित डेटाबेसकडे आलेला प्रत्येक जण इथे अडतो.

एकट्या सर्व्हरच्या डेटाबेसला तुम्ही जो पत्ता देता, क्लायंट तिथेच जातो आणि तिथेच राहतो. क्लस्टरच्या बाबतीत तुम्ही दिलेला पत्ता फक्त पहिल्या भेटीपुरता असतो. त्या नोडला क्लायंट विचारतो, "तुमच्यात अजून कोण कोण आहे?" नोड आपल्या "सिस्टिम पीअर्स" टेबलमधून बाकीच्यांचे पत्ते देतो आणि पुढे क्लायंट त्या पत्त्यांवर थेट जातो. म्हणजे तुम्ही कॉन्फिग फाइलमध्ये काय लिहिलंय यापेक्षा क्लस्टर स्वतःचे पत्ते काय सांगतो, त्यावर सगळं ठरतं.

मोंढ्यातल्या एखाद्या पेढीला बाहेरून फोन केला आणि मुनीमजींनी सांगितलं की "मालकांना २३ नंबरवर लावा", तर तो २३ पेढीच्या आतल्या इंटरकॉमचा असतो. बाहेरून तो लागत नाही. १०.०.१.५ किंवा १९२.१६८.१.२० असले खाजगी आयपी तसेच आहेत. क्लाउडच्या नेटवर्कच्या आत ते चालतात. तुम्ही नांदेडहून पब्लिक आयपीने पहिल्या नोडला गाठलंत, त्याने उत्तरात तीन खाजगी आयपी दिले, आणि तुमचा क्लायंट त्या खाजगी आयपींवर डोकं आपटत बसला. लॉगमध्ये तुम्ही कधीही न लिहिलेले आयपी दिसले की ओळखा, हेच झालंय.

कॅसँड्रात हा जाहीर करायचा पत्ता "ब्रॉडकास्ट आरपीसी ॲड्रेस" मध्ये असतो. "आरपीसी ॲड्रेस" ०.०.०.० ठेवला असेल तर हा पत्ता द्यावाच लागतो. मोंगोडीबीत रेप्लिका सेटच्या (एकाच डेटाच्या प्रती ठेवणाऱ्या नोडांच्या गटाच्या) कॉन्फिगमध्ये जी होस्टनावं लिहिली असतील तीच क्लायंटला मिळतात. ती तुमच्या मशीनवरून डीएनएसला सापडली नाहीत तर ड्रायव्हर ३० सेकंद थांबून "सर्व्हर सिलेक्शन" ची एरर देतो. रेडिस क्लस्टरमध्ये १६३८४ स्लॉट (डेटाचे कप्पे) नोडांमध्ये वाटलेले असतात. तुमची की (नोंदीचं नाव) दुसऱ्या नोडकडे असेल तर "मूव्ह्ड" असं उत्तर येतं आणि त्यात त्या दुसऱ्या नोडचा पत्ता असतो. तो बदलायला "क्लस्टर अनाउन्स आयपी" ही सेटिंग आहे. एचबेस या डेटाबेसचा क्लायंट आधी झूकीपरला (कोणता सर्व्हर कुठे आहे ते सांगणाऱ्या सेवेला) २१८१ वर भेटतो आणि मग रीजन सर्व्हरच्या होस्टनावाकडे वळतो, तिथेही हीच गत. काफ्का डेटाबेस नाही, संदेश पोचवणारी प्रणाली आहे, पण त्याच्या "ॲडव्हर्टाइज्ड लिसनर्स" चं कोडं अगदी असंच आहे.

उपाय तीन. पहिला आणि चांगला: ॲप क्लस्टरच्याच खाजगी नेटवर्कमध्ये चालवा, किंवा व्हीपीएनने (इंटरनेटमधून जाणाऱ्या सुरक्षित बोगद्याने) त्या नेटवर्कच्या आत या, म्हणजे खाजगी पत्ते तुमच्यासाठीही खरे ठरतील. दुसरा: ड्रायव्हरमध्ये पत्ता बदलून देणारा "ॲड्रेस ट्रान्सलेटर" लावा, कॅसँड्राच्या जावा ड्रायव्हरमध्ये ती सोय आहे. तिसरा: क्लस्टरलाच पब्लिक पत्ते जाहीर करायला लावा. हा तिसरा उपाय करायला सोपा दिसतो, म्हणून लोक तोच आधी करतात. मला तो पसंत नाही. डेटाबेसचा पोर्ट उघड्या इंटरनेटवर आला की त्याला शोधणारे स्कॅनर फार लवकर पोचतात, आणि बिनपासवर्डचे उघडे मोंगोडीबी २०१७ च्या सुरुवातीला हजारोंनी पुसले गेले होते.

तात्पुरती एखादी गोष्ट तपासायची असेल तर मोंगोडीबीत "डायरेक्ट कनेक्शन" चा पर्याय देऊन एकाच नोडला जोडता येतं. तो तपासणीपुरता ठेवा, ॲपमध्ये नको.

कॉन्फिगमध्ये एकाच नोडचा पत्ता दिला तर चालेल?

चालेल, तो नोड बंद पडेपर्यंत. ॲप चालू असताना तो नोड गेला तर काही होत नाही, कारण बाकीचे पत्ते मिळालेले असतात. पण त्याच वेळी ॲप रीस्टार्ट झालं तर पहिली भेटच होणार नाही. वेगवेगळ्या रॅकमधले (सर्व्हरच्या कपाटांमधले) दोन-तीन पत्ते द्या.

लोड बॅलन्सरबद्दलही (विनंत्या नोडांमध्ये वाटून देणाऱ्याबद्दल) विचारतात. कॅसँड्रापुढे तो नको, कोणत्या नोडकडे जायचं ते ड्रायव्हरला चांगलं कळतं. कॉकरोचडीबीपुढे मात्र हवा, तिथे क्लायंट साधा पोस्टग्रेसचा असतो आणि त्याला बाकीचे नोड माहीत नसतात.

"नो होस्ट अव्हेलेबल" येतं. पोर्ट उघडा आहे, पत्ते बरोबर आहेत.

या एररच्या पोटात प्रत्येक नोडची वेगळी एरर असते. लॉग छापताना बहुतेक जण वरची ओळ छापतात आणि आतलं फेकून देतात. आतलं छापा, निम्मा प्रश्न तिथे सुटतो.

आत काहीच नसेल, म्हणजे एकाही नोडला विचारून बघितलेलंच नसेल, तर "लोकल डेटासेंटर" चं नाव तपासा. जावा ड्रायव्हरच्या चौथ्या आवृत्तीत पत्ते स्वतः दिले तर हे नावही द्यावं लागतं, आणि ते "नोडटूल स्टेटस" मध्ये दिसतं तसं अक्षर न् अक्षर हवं. लहान-मोठ्या लिपीचा फरकही चालत नाही. चाचणीच्या क्लस्टरमध्ये "डेटासेंटर१" असतं, खऱ्या क्लस्टरमध्ये वेगळं असतं, आणि कॉन्फिग कॉपी करताना नाव जुनंच राहतं. मग ड्रायव्हरच्या दृष्टीने सगळे नोड परक्या डेटासेंटरमधले ठरतात आणि तो एकाकडेही जात नाही.

सकाळी चालत होतं, लाइट जाऊन आल्यावर बंद झालं. सर्व्हर तर मुंबईला आहे!

मुंबईला काही झालेलं नसतं, तुमचा आयपी बदललेला असतो. राउटर बंद होऊन सुरू झाला की बऱ्याच ब्रॉडबँडवर नवा पब्लिक आयपी मिळतो आणि क्लस्टरच्या परवानगी यादीत जुनाच असतो. मोबाइल हॉटस्पॉटवर गेलात तरी तेच. शिवाय बरेच सेवादार एक पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटतात. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यात दिसला तर तुम्ही त्यांतले एक आहात. असा आयपी यादीत टाकणं म्हणजे अनोळखी शेजाऱ्यांनाही परवानगी देणं.

राउटर आणि फायबरच्या डब्याला छोटा यूपीएस लावा, रोजची अर्धी कटकट मिटेल. कायमचा इलाज हवा असेल तर व्हीपीएन, म्हणजे यादीत फक्त व्हीपीएन सर्व्हरचा आयपी राहील.

आणि इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. आडत दुकानातल्या किंवा मिलच्या काट्यावरच्या संगणकाने डेटाबेसला थेट जोडूच नये. मध्ये एक एपीआय सर्व्हर ठेवा, क्लस्टरच्या शेजारी, त्याच नेटवर्कमध्ये. दुकानाचा संगणक ४४३ वरून एपीआयशी बोलेल, एपीआय क्लस्टरशी बोलेल. पासवर्ड गावोगाव फिरणार नाही, आयपीची यादी सांभाळावी लागणार नाही, आणि या पानावरचे बरेचसे प्रश्न तुम्हाला पडणारच नाहीत.

क्लस्टर आमच्याच कारखान्यात आहे. वीज आल्यावर नोड उठतात, पण क्लायंट जोडत नाहीत. का?

घड्याळ बघा. मदरबोर्डची बॅटरी संपलेली असली की वीज आल्यावर मशीन जुन्या तारखेत उठतं, आणि त्या क्षणी इंटरनेट अजून आलेलं नसल्याने वेळ दुरुस्त होत नाही. मग टीएलएस (कनेक्शन सुरक्षित ठेवणारी पद्धत) म्हणतं, "हे सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही." कॉकरोचडीबी तर आणखी कडक आहे. घड्याळातल्या फरकाची त्याची मूळ मर्यादा ५०० मिलिसेकंद आहे, आणि निम्म्या किंवा जास्त नोडांशी फरक तिच्या ८० टक्क्यांवर गेला की नोड स्वतःच बंद होतो.

कॅसँड्रात घड्याळ चुकलं तर एरर येत नाही, आणि ते जास्त वाईट. तिथे ज्या नोंदीची वेळ पुढची तीच खरी धरतात, आणि ती वेळ सहसा क्लायंटच देतो. एखाद्या क्लायंटचं घड्याळ तासभर पुढे असेल तर त्याने लिहिलेला भाव दुसऱ्याने पुढच्या तासाभरात दुरुस्त केला तरी जुनाच दिसत राहील. लोक याला "सेव्ह होत नाही" म्हणतात आणि कनेक्शन तपासत बसतात. सगळ्या मशीनवर क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) बसवा, कारखान्याच्या आत एक वेळ-सर्व्हर ठेवा, बॅटऱ्या बदला.

दुसरं कारण आयपीचं. नोडला आयपी डीएचसीपीने (आपोआप पत्ता वाटणाऱ्या सेवेने) मिळत असेल तर वीज आल्यावर तो बदलू शकतो. डेटाबेसच्या नोडला आयपी कायमचाच हवा. आणि उठवताना क्रम पाळा: आधी नेटवर्क स्विच, मग वेळ आणि डीएनएस, मग नोड एकेक करून, शेवटी ॲप.

टीएलएस हँडशेक फेल होतं. व्हेरिफिकेशन बंद करू का?

करू नका. एकदा बंद केलेलं व्हेरिफिकेशन परत चालू करायला कुणी येत नाही.

आधी सर्टिफिकेटची मुदत बघा. मग त्यात लिहिलेली नावं बघा: तुम्ही आयपीने जोडताय आणि सर्टिफिकेटमध्ये फक्त होस्टनावं आहेत, हा नेहमीचा घोळ. वर सांगितल्याप्रमाणे क्लस्टर स्वतःहून आयपी देतो, म्हणून प्रत्येक नोडच्या सर्टिफिकेटमध्ये त्याचे जाहीर होणारे आयपीही हवेत. पहिल्या नोडचं व्हेरिफिकेशन होतं आणि बाकीच्यांचं होत नाही, ते यामुळेच. सर्व्हरला टीएलएस हवं असताना क्लायंट साधा बोलला तर सर्टिफिकेटची एररसुद्धा येत नाही; कनेक्शन नुसतं तुटतं किंवा लटकतं.

पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी लॉगिन होत नाही. कधी होतं, कधी नाही.

"कधी होतं, कधी नाही" यातच उत्तर आहे. कॅसँड्रात युजर आणि पासवर्ड "सिस्टिम ऑथ" नावाच्या कीस्पेसमध्ये (टेबलांच्या गटात) असतात आणि मुळात त्याची एकच प्रत ठेवलेली असते. तुमच्या युजरची नोंद ज्या नोडवर आहे तो बंद पडला की बाकी पूर्ण क्लस्टर चालू असूनही तुम्हाला आत येता येत नाही. ही सेटिंग पहिल्याच दिवशी बदलायची असते: प्रत्येक डेटासेंटरमध्ये तीन प्रती करा आणि मग त्या कीस्पेसवर रिपेअर (प्रती एकमेकींशी जुळवणारी कमांड) चालवा. रिपेअर विसरलात तर नव्या प्रती रिकाम्याच राहतात. मूळचा "कॅसँड्रा" हा युजर ॲपसाठी वापरू नका. याच्या लॉगिनला बहुमत लागतं, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रतींचं उत्तर.

मोंगोडीबीत बहुधा "ऑथ सोर्स" राहिलेला असतो. युजर ॲडमिन डेटाबेसमध्ये बनवलेला आणि ॲप दुसरीकडे शोधतंय. पासवर्डमध्ये ॲटचं चिन्ह, कोलन किंवा स्लॅश असेल तर कनेक्शन स्ट्रिंगमध्ये लिहिताना त्याचं पर्सेंट-एन्कोडिंग करावं लागतं.

कनेक्ट होतं, पण क्वेरीला "अनअव्हेलेबल" किंवा "राइट टाइमआउट" येतं. दोन्ही एकच ना?

अजिबात नाही, आणि यातला फरक पैशाचा आहे.

तीन प्रती आणि कन्सिस्टन्सी (किती प्रतींचं उत्तर हवं ती सेटिंग) "क्वोरम", म्हणजे बहुमत, असेल तर दोन नोडांची उत्तरं लागतात. दोन नोड बंद आहेत हे क्लस्टरला आधीच माहीत असेल तर तो काम सुरूच करत नाही, "अनअव्हेलेबल" सांगून मोकळा होतो. काहीही लिहिलं गेलेलं नसतं. नोड उठवा, परत पाठवा.

"राइट टाइमआउट" म्हणजे काम सुरू झालं, पण ठरलेल्या वेळात (कॅसँड्रात मूळ सेटिंग २ सेकंद) पुरेशी उत्तरं आली नाहीत. नोंद झालेली असू शकते, नसूही शकते. ऑक्टोबरात सोयाबीनची आवक तुफान असते, काट्यावर रांग लागलेली असते. ऑपरेटर एरर बघतो आणि परत बटण दाबतो. ॲपने दर वेळी नवा क्रमांक दिला असेल तर एकाच गाडीच्या दोन पट्ट्या तयार होतात. एका शेतकऱ्याच्या नावावर माल दुप्पट, किंवा हमालीची कपात दोनदा. म्हणून पट्टीचा युनिक आयडी क्लायंटवरच, बटण दाबण्याच्या आधी बनवा आणि पुन्हा पाठवताना तोच वापरा. दोनदा लिहिलं तरी नोंद एकच राहील. शिल्लक वाढव-कमी कर अशा काउंटरच्या कामाला आपोआप रीट्राय लावू नका, तिथे दोनदा म्हणजे खरंच दोनदा.

थोडा वेळ काही काम केलं नाही की पहिली क्वेरी फेल होते, दुसरी चालते.

मधल्या कुणीतरी रिकामं कनेक्शन मोडीत काढलं आहे आणि क्लायंटला ते कळलेलं नाही. ॲमेझॉनच्या एनएटी गेटवेचा (खाजगी नेटवर्कमधून बाहेर नेणाऱ्या दाराचा) हा वेळ ३५० सेकंद आहे, अझ्युअरच्या लोड बॅलन्सरचा मूळ सेटिंगमध्ये ४ मिनिटं. लिनक्सचा स्वतःचा कीपअलाइव्ह मात्र मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जागा होतो, तोपर्यंत फार उशीर झालेला असतो. ड्रायव्हरचा हार्टबीट (कनेक्शन जिवंत आहे ना हे विचारणारा छोटा निरोप) चालू ठेवा. कॅसँड्राच्या जावा ड्रायव्हरमध्ये तो ३० सेकंदांचा असतो. कुणी "लोड वाढतोय" म्हणून बंद केला असेल तर परत चालू करा.

हंगामात कनेक्शन कमी पडतात. सर्व्हर वाढवायचा का?

आधी कोड बघा. प्रत्येक रिक्वेस्टला नवं सेशन उघडून बंद करणारा कोड असेल तर सर्व्हर वाढवून काही होणार नाही. कॅसँड्राचं सेशन एका ॲपमध्ये एकदाच उघडायचं आणि ॲप संपेपर्यंत वापरायचं. एकाच कनेक्शनवरून शेकडो क्वेरी एकाच वेळी जाऊ शकतात. पोस्टग्रेस घराण्यातल्या डेटाबेसमध्ये तसं होत नाही, तिथे नेमका पूल (उघड्या कनेक्शनांचा साठा) लागतो.

सतत उघडझाप केल्याने क्लायंटचे पोर्टही संपतात. लिनक्सकडे बाहेर जाण्यासाठी मुळात ३२७६८ ते ६०९९९ एवढेच पोर्ट असतात आणि बंद झालेला प्रत्येक पोर्ट ६० सेकंद अडकून राहतो. "टू मेनी ओपन फाइल्स" आलं तर प्रोसेसची फाइल मर्यादा बघा, अजूनही बऱ्याच ठिकाणी ती १०२४ असते.

क्लस्टर पडून उठल्यावर सगळी ॲप एकदम धडकतात आणि तो परत बसतो. पुन्हा जोडण्यातलं अंतर दर वेळी वाढवत न्या आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवा.

व्हीपीएनवरून लहान क्वेरी चालते, मोठा रिपोर्ट अडकतो.

हे एमटीयूचं, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचं, दुखणं. साधं नेटवर्क १५०० बाइटचं पॅकेट नेतं, पीपीपीओई ब्रॉडबँड १४९२ चं, वायरगार्ड हा व्हीपीएन सहसा १४२० चं. वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने "पॅकेट मोठं आहे" हा निरोप अडवला की मोठं उत्तर कधीच पोचत नाही आणि लहान मात्र पोचत राहतं. तुकडे न करण्याचा पर्याय देऊन १४७२ आकाराचं पिंग पाठवा, जात नसेल तर आकार कमी करत जा. जिथे जायला लागेल त्यात २८ मिळवून व्हीपीएनचा एमटीयू ठेवा.

आम्ही लातूरला आहोत. क्लस्टर मुंबईत ठेवावा की हैदराबादला?

ॲमेझॉनचं मुंबईतलं केंद्र २०१६ पासून आहे, हैदराबादचं २०२२ पासून. नकाशावर लातूर आणि नांदेडला हैदराबाद जवळ आहे, पण फायबर नकाशाप्रमाणे जातेच असं नाही. लातूर-हैदराबाद ट्रॅफिक आधी मुंबईला जाऊन परत येऊ शकतो. ट्रेसरूट (पॅकेटची वाट दाखवणारी कमांड) लावा, दोन्हीकडचा वेळ दिवसातून वेगवेगळ्या वेळी मोजा, मग ठरवा. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे महाराष्ट्रातल्या अंतराने कनेक्शन फेल होत नसतं. ॲप एका शहरात आणि डेटाबेस दुसऱ्या शहरात ठेवलात तर मात्र एका स्क्रीनच्या पन्नास क्वेरी पन्नास वेळा तो प्रवास करतात. दोघं एकत्र ठेवा.

क्वेरीचा टाइमआउट किती ठेवावा?

क्लायंटचा सर्व्हरपेक्षा थोडा जास्त. कॅसँड्रा वाचायला मुळात ५ सेकंद आणि लिहायला २ सेकंद घेतो. जावा ड्रायव्हर ४ स्वतः मुळात २ सेकंदांतच सोडून देतो, त्यामुळे वाचताना सर्व्हरची खरी एरर तुमच्यापर्यंत येतच नाही, नुसता ड्रायव्हरचा टाइमआउट दिसतो. निदान कारण शोधत असताना तरी तो ५ च्या वर न्या.

मदत मागताना काय पाठवू?

पूर्ण एरर, आतल्या एररसकट, मजकूर म्हणून. व्हॉट्सॲपवर मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको, त्यात नेमकी कामाची ओळ कापली जाते. कोणत्या मशीनवरून कोणत्या पत्त्याला जोडत होता, ड्रायव्हर आणि सर्व्हरची आवृत्ती, "नोडटूल स्टेटस" चं उत्तर, आणि शेवटचं नीट कधी चाललं होतं व त्यानंतर काय बदललं, हे लिहा. वेळ लिहिताना ती भारतीय आहे की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ते सांगा. सर्व्हरचा लॉग बहुधा यूटीसीत असतो आणि साडेपाच तासांच्या फरकाने आपण भलत्याच ओळी वाचत बसतो. पाठवण्याआधी कनेक्शन स्ट्रिंगमधला पासवर्ड काढून टाका, आणि तो आधीच कुठल्या ग्रुपवर गेला असेल तर आजच बदला.